एक तार, ओली जमीन आणि बॅटरीचा बल्ब

"मॅडम, झटका मशीनले तं एकच तार असते. मंग तिचं सर्किट पुरं कसं होते?"

आठवीतल्या एका मुलीच्या या प्रश्नावर वर्गाचे पुढचे बरेच तास गेले. त्या तासांत काय घडलं, काय जमलं आणि काय राहून गेलं, त्याची ही नोंद आहे. मी तालुक्याचा साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना मदत करणारा, म्हणून त्या शाळेत जात होतो. बहुतेक वेळा मागच्या बाकावर बसून बघत होतो, कधी वायर सोलून देत होतो.

शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या एका गावातली, जिल्हा परिषदेची. सातवी-आठवीचं विज्ञान एकाच मॅडमकडे आणि पुष्कळदा एकाच खोलीत. मुलांची घरं शेतीची: कापूस, तूर, सोयाबीन. पीक उभं राहिलं की रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) वावरात उतरतात, म्हणून रात्रीची जागल असते आणि ज्यांना परवडतं त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तारेला लागलेल्या जनावराला विजेचा झटका देणारं झटका मशीन असतं. डब्यासारखं यंत्र, वर सोलर पाटी, खाली बॅटरी आणि वावराभोवती फिरलेली तार. या मुलांनी आयुष्यात जवळून पाहिलेलं सगळ्यात मोठं सर्किट तेच. पुस्तकातल्या आकृतीत मात्र सेल, कळ आणि बल्ब असतो.

आधी काय झालं होतं

मॅडमनी धारा विद्युतचं प्रकरण हाताने करूनच सुरू केलं होतं. दोन सेल, सायकलच्या ट्यूबचा रबर, वायरचे तुकडे आणि बॅटरीतला, म्हणजे टॉर्चमधला, छोटा बल्ब. सुरुवातीला निम्म्या गटांचे बल्ब पेटलेच नाहीत. कुठे वायरीचं प्लास्टिक नीट सोललं नव्हतं, कुठे सेल उलटा होता, एका गटाने तर दोन्ही तारा बल्बच्या बुडालाच टेकवल्या होत्या. हे सगळीकडे होतं, त्यावर फार लिहायची गरज नाही. पेटल्यावर टाळ्या झाल्या, फळ्यावर नियम लिहिला गेला: परिपथ पूर्ण असेल तरच धारा वाहते.

मग मुलांनी त्याच बल्बचं टेस्टर केलं. दोन मोकळ्या तारांमध्ये वस्तू धरायची. बल्ब पेटला तर सुवाहक, नाही पेटला तर दुर्वाहक. चमचा, खिळा, बांगडी, खडू, पेन्सिलचं शिसं, खोडरबर, चिंध्या, पाणी, माती. भिंतीवर तक्ता लागला. मातीसमोर 'दुर्वाहक', पाण्यासमोरही 'दुर्वाहक'. प्रत्येक खूण मुलांनी स्वतः पाहून केली होती. केंद्रप्रमुखांना तक्ता आवडला होता आणि खरं सांगायचं तर तो देखणा होताच.

याच तक्त्यासमोर तो प्रश्न आला.

वर्गात काय बोललं गेलं

मॅडमनी उत्तर दिलं नाही, "तुमाले काय वाटते?" म्हणून प्रश्न वर्गावर सोडला. एकाचं म्हणणं, करंट मशीनमधून निघतो, डुकराच्या अंगात जातो आणि तिथं खतम होतो, त्याला वापस जायचं कामच नाही. बरीच मुलं याच बाजूची होती. ज्यांनी दोन दिवसांपूर्वी 'परिपथ पूर्ण असेल तरच' हे वहीत सुंदर अक्षरात लिहिलं, तीच मुलं. मुलांच्या मनातली ही 'एकतर्फी' वीज नवी नाही. न्यूझीलंड आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात अशाच कल्पना नोंदवल्या आहेत: धारा एकाच तारेने येते, वस्तूत खर्च होते, किंवा दोन्ही टोकांकडून येऊन मधे धडकते. इतक्या वेगळ्या देशांतली मुलं इतकं सारखं कसं विचार करतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

दुसरा मुलगा म्हणाला, "मशीनजवळ एक खुंटी असते न जी, जमिनीत ठोकलेली. तिले मशीनची दुसरी तार जोडलेली असते. उन्हाळ्यात आमचे बाबा त्या खुंटीपाशी पाणी टाकते, नाई तं झटका लागत नाई."

वर्गाला ही खुंटी माहीत होती, पण ती सर्किटचा भाग असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. यंत्राला दोन टोकं असतात हे एकदा कळल्यावर एक मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे करंट तारेतून डुकरात, डुकरातून जमिनीत, अन् जमिनीतून खुंटीत." त्यावर पहिला मुलगा भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "काहून? माती तं दुर्वाहक आहे. आपणच लिहिलं."

त्याचं बरोबर होतं. वर्गाने केलेला प्रयोग आणि वावरातला अनुभव एकमेकांच्या विरोधात उभे होते, आणि प्रयोग खोटा नव्हता. बल्ब खरंच पेटला नव्हता. मला विचाराल तर धडा इथे सुरू झाला. तोवर झाली होती ती तयारी.

घमेलं, मग टब

मॅडमनी दुसऱ्या दिवशी वावरातली काळी माती आणायला सांगितली. ती लोखंडी घमेल्यात भरली, दोन खिळे खोचले, चार सेल जोडले आणि बल्बऐवजी लाल एलईडी लावला. एलईडीसोबत २२० ओहमचा रोध, म्हणजे खिळे चुकून एकमेकांना लागले तरी तो जळू नये. एलईडी झकास पेटला. मुलं खूश. पण मागे उभ्या असलेल्या सातवीच्या एका मुलाने शंका काढली की खिळे घमेल्याच्या बुडाला टेकले असतील, करंट मातीतून नाही, लोखंडातून जात असेल. खिळे वर ओढले तर एलईडी बराच मंदावला. घमेलं बाजूला गेलं आणि स्वयंपाकघरातून प्लास्टिकचा टब आला.

टबातलं निरीक्षण असं. कोरड्या ढेकळांत खिळे खोचले, एलईडी बंद. पाणी शिंपडून माती कालवली, एलईडी मंद पेटला. मीठ टाकलं, जास्त पेटला. तीच ओली माती, तेच सेल, आणि एलईडीच्या जागी परत बॅटरीचा बल्ब: काहीही नाही.

बल्बच्या पितळी कडेवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर. मॅडमनी ते भिंगातून वाचून घेतलं. या बल्बला नीट पेटायला ०.३ अँपिअर, म्हणजे ३०० मिलिअँपिअर लागतात. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास मिळाले की एक-दोन मिलिअँपिअरमध्येही उजेड दिसतो. ओल्या मातीतून थोडी धारा जातच होती. बल्बला ती दिसत नव्हती, एलईडीला दिसली.

भिंतीवरच्या घड्याळात बॅटरीतून काढलेला 'मेलेला' सेल टाकला तर ते काही महिने चालतं, हे सगळ्यांच्या घरी घडतं. एका मुलीने ते इथं आणून जोडलं: सेल मेला नव्हता, बॅटरीसाठी मेला होता. मला वाटतं वर्गात त्या दिवसात झालेलं सगळ्यात चांगलं वाक्य ते होतं, आणि ते मॅडमचं नव्हतं.

पुढची पायरी मात्र मॅडमची. तालुक्याच्या दुरुस्तीच्या दुकानातून बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणले होते: एका पायात थोडी धारा गेली की दुसऱ्या वाटेने जास्त धारा सोडणारा तीन पायांचा भाग. पाच रुपयांच्या आतली वस्तू. सेलच्या अधिक टोकापासून एक तार मोकळी, ट्रान्झिस्टरच्या बेसकडून (मधल्या पायाकडून) रोधामार्गे दुसरी मोकळी. या दोन तारांमधून काही मायक्रोअँपिअर गेले तरी एलईडी पेटतो. या टेस्टरने ओला खडू 'पेटवला', म्हणजे तो तारांमध्ये धरल्यावर एलईडी पेटला, कडुलिंबाची हिरवी काडी पेटवली, बटाटा पेटवला आणि दोन बोटंही पेटवली. मग हातात हात धरून मुलांची साखळी केली. एकेक पोरगं वाढलं तसा उजेड कमी होत गेला. कोरडी तुराटी (तुरीची वाळलेली काडी) या टेस्टरनेही पेटली नाही. तीच तुराटी पाण्यात बुडवून आणली तर पेटली.

तक्त्यात आता तीन रकाने झाले: बल्बने, एलईडीने, ट्रान्झिस्टरने. मातीसमोर तिन्ही उत्तरं वेगळी. 'सुवाहक की दुर्वाहक' हा प्रश्न 'किती' या प्रश्नात बदलला. रोध हा शब्द मॅडमनी यानंतर आणला, आधी नाही. हा क्रम मला पटतो. नाहीतर रोध म्हणजे सूत्रातलं एक अक्षर होऊन बसतं.

ट्रान्झिस्टरबद्दल माझी तक्रार आहे. मुलांसाठी तो शेवटपर्यंत तीन पायांची जादूच राहिला. बेसमधून जाणारी धारा थोडी आणि एलईडीतली धारा जास्त, हे सांगितलं गेलं, पण दाखवलं गेलं नाही. एक साधा मल्टिमीटर असता तर दोन्ही आकडे शेजारी लिहिता आले असते.

हापशी ते कडुलिंब

टबात एक विचित्र गोष्ट दिसली होती. खिळे एकमेकांपासून लांब नेले तरी एलईडी फारसा मंदावत नव्हता. उलट तेच खिळे अर्धे वर ओढले की लगेच मंदावायचा. मुलांची अपेक्षा उलटी होती: लांब गेलो तर जास्त माती, जास्त माती म्हणजे जास्त अडथळा.

पाऊस पडून गेला होता, मैदान ओलं होतं. मॅडमनी सगळ्या वायरी एकमेकींना जोडायला लावल्या आणि एक टोक हापशीजवळच्या ओल्या जागेतल्या खिळ्याला, दुसरं पार कडुलिंबाखालच्या खिळ्याला. मधे सेल आणि एलईडी. जायला एक तार, यायला फक्त जमीन. एलईडी टबात होता जवळजवळ तेवढाच पेटला. मुलं दोन्ही टोकांकडे पळत होती, खिळा उपटायचा, तिकडून ओरडून विचारायचं, "विझला का रे?"

कारण सांगण्यासारखं आहे. खिळ्याला लागून असलेल्या मातीतून सगळी धारा चिंचोळ्या जागेतून जाते, म्हणून बहुतेक अडथळा तिथंच असतो. थोडं पुढे गेलं की धारा चहूबाजूंनी पसरते, वाट रुंद होते आणि अंतराचा फरक उरत नाही. म्हणून खुंटी खोल ठोकतात, म्हणून पाणी खुंटीपाशीच टाकतात, धुऱ्यावर सगळीकडे नाही. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते तेव्हा खुंटीचा मातीशी संबंधच सुटतो. काही जण यावर उपाय म्हणून कुंपणाची एक तार यंत्राला आणि तिच्या खालची खुंटीला जोडतात, म्हणजे जनावर दोन्ही तारांना लागलं की जमिनीची गरज उरत नाही. दोन मुलांच्या घरी असंच होतं. तोवर त्यांना ती खालची तार 'उगाच' वाटत होती.

इथं मॅडमनी तारायंत्राचा (टेलिग्राफचा) उल्लेख केला. १८३८ साली जर्मनीत श्टाइनहाइल या शास्त्रज्ञाला आढळलं की तारायंत्राची परतीची तार काढून तिच्या जागी जमीन वापरता येते. पुढे तारखात्याचे खांब एकेका तारेवर संदेश नेत राहिले ते याच आधारावर. मुलांना यातलं जर्मनीपेक्षा 'तार वाचली म्हणजे पैसा वाचला' हे जास्त आवडलं.

धोक्याचं काय

शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकाने आक्षेप घेतला होता: पोरं करंटशी खेळायला शिकली तर उद्या डीपीला (गावातल्या विजेच्या पेटीला) हात लावतील. आक्षेप फालतू नव्हता. झटका मशीन विकत घेण्याऐवजी थेट लाइनचा करंट तारेत सोडण्याचे प्रकार विदर्भात घडतात. तो गुन्हा आहे, आणि त्यात वाघ, गुरं आणि माणसं मेल्याच्या बातम्या वारंवार येतात. वर्गातल्या मुलांना हे माहीत होतं, फक्त वर्गात त्याबद्दल बोललं जात नव्हतं.

मॅडमनी नियम कडक ठेवले. सेलशिवाय दुसरी वीज नाही. चार्जर उघडायचा नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मोबाईलची बॅटरी आणायची नाही, ती शॉर्ट झाली तर पेट घेते. बटणासारखे सेल वर्गात नकोतच, घरी लहान भावंडं गिळतात.

पण नियमांपेक्षा तक्त्याने जास्त काम केलं. मॅडमनी तीन रकान्यांच्या बाजूला चौथा ओढला: 'माणसाला'. घराच्या ईएलसीबीचा खटका साधारण ३० मिलिअँपिअर गळती झाली की पडतो, कारण त्यापुढे जिवाला धोका असतो. बॅटरीचा बल्ब पेटायला याच्या दहापट लागतात. म्हणजे ज्या धारेने माणूस मरू शकतो, ती धारा या बल्बला दिसतसुद्धा नाही. घरातला पाच अँपिअरचा फ्यूजही तिच्यासाठी उडत नाही, तो वायर वाचवायला असतो. आणि भिजलेली तुराटी किंवा काठी ट्रान्झिस्टरवर पेटली होती, ती लाइनच्या तारेला लावली तर काय, हे कुणाला सांगावं लागलं नाही. "वल्ल्या काडीनं तार उचलाची नाई," असं एका मुलाने स्वतःच तक्त्याखाली लिहिलं.

मग साहजिक प्रश्न आला: झटका मशीनचे व्होल्ट तर हजारांत असतात, मग त्याने डुक्कर मरत का नाही आणि घरच्या २३० व्होल्टने माणूस का मरतो? यासाठी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेलवर भरून एलईडीवर सोडला. एक लख्ख उजेड आणि संपलं. झटका मशीनमध्येही कपॅसिटर भरतो आणि साधारण सेकंदाला एकदा ट्रान्सफॉर्मरमधून रिकामा होतो. झटका सेकंदाच्या अगदी बारीक हिश्श्यापुरता, मधे जनावराला सुटायला वेळ. लाइनचा करंट थांबत नाही, स्नायू आवळतात, हात सुटत नाही. हा भाग घाईत झाला, सुट्टीची घंटा वाजली. मुलांना 'व्होल्ट जास्त म्हणजे धोका जास्त' यापलीकडे नेण्यासाठी आणखी एक तास हवा होता.

हे कुणी शोधलं?

अशा नोंदींत 'मुलांनी स्वतः शोधलं' असं लिहायची पद्धत आहे. मी ते लिहिणार नाही. प्रश्न मुलीचा होता, खुंटी मुलाची, घमेल्याची शंका मुलाची, घड्याळाचं उदाहरण मुलीचं. पण एलईडी आणायचा निर्णय, टेस्टरांचा क्रम आणि मैदानावर जाणं हे मॅडमचं. त्यांना पुढे कुठे जायचं ते माहीत होतं म्हणूनच त्या गप्प राहू शकल्या.

हाताच्या कामातून शिक्षण विदर्भाला नवं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला, तेव्हा समोर चरखा आणि सूत होतं. आज इथल्या वावरातलं काम मोटर, स्टार्टर आणि झटका मशीनशी आहे. शाळेला मिळालेल्या विज्ञानपेटीत मात्र यातलं काही नसतं. पेटी चांगली आहे, पण ती कुठल्याही गावासाठी आहे.

एक कोडं वर्गात सुटलं नाही. टबातला एलईडी काही मिनिटांनी आपोआप मंदावायचा. सेल उलटसुलट केले आणि एलईडीही फिरवला की पुन्हा उजळायचा. अधिक टोकाचा खिळा काही दिवसांत खाल्ल्यासारखा झाला, दुसऱ्याभोवती बारीक बुडबुडे. मातीतल्या पाण्याचं विद्युत अपघटन होत होतं आणि खिळ्यांच्या पृष्ठभागावर नवा अडथळा तयार होत होता. मॅडमनी हे रसायनाच्या धड्यासाठी राखून ठेवलं. खिळे कागदात गुंडाळून कपाटात आहेत.

दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडमनी कोरे कागद वाटले: डुक्कर तारेला लागलं तेव्हा करंट कुठून कुठे गेला ते काढा, एकदा पावसाळ्यात, एकदा उन्हाळ्यात. बहुतेकांनी खुंटीपर्यंतची परतीची वाट काढली. उन्हाळ्याच्या चित्रात खुंटीभोवती भेगा काढणारेही होते. तरी काहींचा बाण डुकराच्या पोटात संपला होता. एकाने दोन्हीकडून दोन बाण काढून डुकरात धडकवले होते. ज्या मुलाने 'खतम होते' म्हटलं होतं त्याने बाण खुंटीपर्यंत नेला होता, पण परत येताना तो बारीक केला होता, म्हणजे अर्धा करंट अजून डुकरातच राहत होता.

सुट्टीनंतरचा पहिला तास त्या बारीक बाणासाठी ठेवला आहे. मातीच्या अलीकडे एक एलईडी आणि पलीकडे तसाच दुसरा, आणि कुठला जास्त पेटेल ते आधी वहीत लिहून घ्यायचं. दोन लाल एलईडींवरच चारेक व्होल्ट जातील, म्हणून चारऐवजी सहा सेल लागतील. ते तालुक्याहून आणायचे आहेत, सोबत एक मल्टिमीटरही.